जांभ्याचं पाणी, खाडीचा चिखल, राबाचा धूर: कोकणातल्या शाळेत करून पाहण्याजोगं प्रदूषणाचं रसायनशास्त्र

पहिल्या वर्षी आम्ही शाळेशेजारच्या विहिरीला दोषी ठरवलं होतं. आठवीच्या मुलांनी पाण्यात सामूचा (पीएचचा; सातच्या खाली म्हणजे आम्ल) कागद बुडवला, त्याचा रंग सहाच्या आसपास आला. पिण्याच्या पाण्याचा सामू ६.५ ते ८.५ असावा असं भारतीय मानक सांगतं. मी फळ्यावर लिहून टाकलं, ‘पाणी प्रदूषित’. दुसऱ्या दिवशी एका मुलाची आजी शाळेत आली. म्हणाली, "गुरुजी, ह्या बावीचं पाणी माझ्या सासूच्या आधीपासून सगळी वाडी पितेय. डाळ कशी लोण्यासारखी शिजते बघा. ते वाईट कसं?"

आजीचं बरोबर होतं. कागदाने खरा रंग दाखवला होता, त्याचा अर्थ मी चुकीचा लावला होता. पाऊस हवेतून पडतानाच थोडा कार्बन डायऑक्साइड विरघळवून घेतो, त्याचं कार्बोनिक आम्ल होतं आणि अगदी स्वच्छ पावसाचाही सामू ५.६ च्या आसपास येतो. जमिनीत मुरताना मुळांच्या श्वसनातून आणि कुजणाऱ्या पाल्यातून आणखी कार्बन डायऑक्साइड मिळतो. आपल्या जांभ्यात चुना जवळजवळ नाही, त्यामुळे हे आम्ल मारायला कोणी नाही. म्हणून जांभ्यातल्या विहिरींचं पाणी किंचित आम्लधर्मी आणि मऊ असतं. त्यात डाळ छान शिजते, साबणाला फेस भरपूर येतो, आणि लोखंडी पाइप मात्र लवकर गंजतो.

त्या दिवसापासून आमच्या वर्गात एक प्रश्न पक्का झाला: हे इथे मुळातच किती असतं? कोकणात हवेत मीठ आहे, दगडात लोह आहे, पाण्यात सौम्य आम्ल आहे. ते वजा केल्यावर जे उरेल ते प्रदूषण. पुढचं सगळं या प्रश्नाभोवती आहे. आठवी ते दहावीच्या मुलांनी शिक्षकांबरोबर करावं असं हे काम आहे आणि पावसाआधीपासून पावसानंतरपर्यंत, मे ते नोव्हेंबर, चालवलं तरच त्यातून काही हाती लागतं.

पहिली पायरी: तुलनेच्या बाटल्या

एका बाटलीवरून कधीच निष्कर्ष काढू नका. निदान पाच जागा ठरवा. ओढ्याचं पाणी वस्तीच्या वरच्या अंगाला, तोच ओढा वस्तीच्या खाली, एक विहीर, खाडी आणि मोकळ्या समुद्राचं पाणी. सहावी बाटली बॅटरीत घालायच्या पाण्याची, म्हणजे ऊर्ध्वपातित पाण्याची. ती गॅरेजमध्ये मिळते. मात्र तिथे बॅटरीचं आम्लही तशाच डब्यात विकतात, म्हणून ही खरेदी शिक्षकांनीच करायची आणि डब्यावरचं नाव दोनदा वाचायचं.

पाण्याची रिकामी लिटरची बाटली चालते. जे पाणी भरायचं त्यानेच ती तीनदा विसळा. पृष्ठभागावरचा फेस-पाला टाळून हातभर खाली बाटलीचं तोंड नेऊन, प्रवाहाकडे तोंड करून भरा. झाकणाखाली हवेचा बुडबुडा राहू देऊ नका, कारण त्यातला ऑक्सिजन पाण्यात उतरतो आणि पुढची चाचणी बिघडते. चिकटपट्टीवर पेन्सिलने लिहा: जागा, तारीख, वेळ, गेल्या तीन दिवसांत पाऊस पडला का, वाऱ्याची दिशा, वास.

खाडीच्या बाटलीवर भरती की सुकती हे लिहिलं नसेल तर ती बाटली ओतून टाका. भरतीला तुम्ही समुद्र मोजता, सुकतीला नदी. उधाणाच्या दिवसांत समुद्राचं पाणी खाडीत खूप आत शिरतं, भांगाच्या दिवसांत कमी. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून ‘दर सोमवारी सकाळी दहा वाजता’ असं ठरवलंत तर दर वेळी वेगळंच पाणी हाती येईल. आम्ही सुकती संपत आली की भरतो आणि वेळ कोळीवाड्यात विचारून ठरवतो. तिथे सहावीतलं पोरही ती अचूक सांगतं.

एकट्याने पाण्यात उतरायचं नाही. पावसाळ्यात खाडीकाठी जायचं नाही. कारखान्याच्या किंवा गटाराच्या तोंडाशी हात घालायचा नाही. या तीन गोष्टींत कुठलीही सवलत नाही.

दुसरी पायरी: जास्वंदीचा दर्शक

बाजारातला सामूचा कागद चांगला, पण घरचा दर्शक केल्याशिवाय रंग का बदलतो हे मनात उतरत नाही. लाल जास्वंदीच्या दहा-बारा फुलांच्या पाकळ्या कपभर कढत पाण्यात पंधरा मिनिटं ठेवा आणि गाळून घ्या. गाळणकागदाच्या पट्ट्या त्यात दोनदा भिजवून सावलीत वाळवा. उन्हात रंग उडतो. आम्लात ही पट्टी लाल-गुलाबी होते, आम्लारीत हिरवट.

मुलं दर वर्षी विचारतात, "सर, आगळ का नको?" कोकमाचा रंगही त्याच कुळातला आहे, ॲन्थोसायनिन. सोलकढीचा गुलाबीपणा हा त्या रंगाने दिलेला आम्लाचा पुरावाच आहे. पण कोकमात स्वतःचंच आम्ल भरपूर असतं. आंबट दर्शकाने दुसऱ्याचा आंबटपणा मोजता येत नाही. वाटीभर पाण्यात चार थेंब आगळ आणि चिमूटभर खायचा सोडा घालून रंग कसा फिरतो ते जरूर पाहा, मोजणीसाठी मात्र जास्वंद घ्या.

आधी ओळखीच्या पदार्थांची रंगपट्टी तयार करा: लिंबू, व्हिनेगर, ताकाची निवळ, बॅटरीचं पाणी, खायचा सोडा, धुण्याचा सोडा, चुन्याची निवळी. मग तुमच्या बाटल्यांतलं पाणी तपासा. समुद्राच्या पाण्याचा रंग खायच्या सोड्याच्या जवळ जाईल, कारण समुद्राचा सामू साधारण ८.१ असतो. सामूचा एक अंक म्हणजे दहापट फरक, हे फळ्यावर नाही, हातांनी दाखवा. व्हिनेगर दहापट पातळ करा, पुन्हा दहापट करा आणि दर वेळी पट्टी बुडवा. इथे एक गंमत दिसेल. व्हिनेगरमधलं आम्ल सौम्य आहे, त्याचे सगळे रेणू एकदम फुटत नाहीत. म्हणून दहापट पातळ करूनही सामू पुरता एक अंक चढत नाही.

तिसरी पायरी: कोणतं पाणी आम्लापुढे टिकतं

सगळ्या प्रयोगांत मला हा सर्वात महत्त्वाचा वाटतो, आणि शाळांतून तो क्वचितच होतो.

चार पेल्यांत सारखं पाणी घ्या: पावसाचं, जांभ्यातल्या विहिरीचं, समुद्राचं आणि घाटावरून कोणी पाहुणा येणार असेल तर तिकडच्या बोअरचं. प्रत्येकात जास्वंदीचा दर्शक घाला. पातळ केलेलं व्हिनेगर थेंबाथेंबाने सोडत मोजा, किती थेंबांनी रंग लालीवर जातो. पावसाचं पाणी एक-दोन थेंबांत पालटतं. विहिरीचं थोड्याच थेंबांत. समुद्र आणि घाटावरचं पाणी मात्र बराच वेळ दाद देत नाही.

याचं कारण बायकार्बोनेट. आत येणारं आम्ल ते गिळतं आणि त्याचा कार्बन डायऑक्साइड व पाणी करून टाकतं. घाटावरच्या काळ्या बेसाल्टातून पाणी कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट घेऊन येतं, म्हणून ते जड असतं आणि साबण फाटतो. आपल्या जांभ्यातून लाखो वर्षांच्या पावसाने हे सगळे क्षार आधीच धुऊन नेले आहेत. मागे उरले लोह आणि ॲल्युमिनियम. म्हणून आपल्या ओढ्या-नद्यांची आम्ल पचवायची ताकद मुळातच थोडी आहे. सारखंच आम्लयुक्त सांडपाणी घाटावरच्या जड पाण्याच्या नदीत पडलं आणि आपल्या ओढ्यात पडलं, तर आपल्याकडे सामू जास्त घसरेल. उतारही तीव्र, नद्या आखूड. सह्याद्रीतून निघालेलं पाणी थोड्याच अंतरात खाडीला मिळतं, मध्ये स्वतःला सावरायला त्याला वेळ मिळत नाही. रोहा, महाड, लोटे इथल्या रासायनिक वसाहती कुंडलिका, सावित्री, वाशिष्ठी यांच्या खोऱ्यांत आहेत. तिथलं सांडपाणी सोडण्याआधी नीट उदासीन करणं इतकं महत्त्वाचं का, हे चार पेल्यांत दिसतं.

चौथी पायरी: मीठ

सिल्व्हर नायट्रेटचा एक थेंब क्लोराइड असलेल्या पाण्यात टाकला की सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा अवक्षेप येतो. हातावर सांडलं तर काळा डाग आठवडाभर जात नाही आणि डोळ्यात गेलं तर इजा होते, म्हणून थेंब शिक्षकांनी टाकायचा.

बॅटरीच्या पाण्यात काहीच होत नाही. पण किनाऱ्यालगत पडलेल्या पावसाच्या पाण्यातही पुसट दुधाळपणा येतो! लाटा फुटताना उडालेल्या तुषारांतलं मीठ वाऱ्याबरोबर आत येतं, तेच हे. पत्रे आणि सायकली गंजतात तेही याचमुळे. याला प्रदूषण म्हणायचं नाही.

आता विहीर मचूळ झाली आहे का ते मोजू. मानकानुसार क्लोराइडची योग्य मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आहे. मोकळ्या समुद्राच्या पाण्यात ते लिटरला सुमारे १९ ग्रॅम असतं. म्हणजे १३ मिलिलिटर समुद्राचं पाणी बॅटरीच्या पाण्याने एक लिटर केलं की तुमच्या हातात मर्यादेइतकं खारट पाणी आलं, जवळजवळ फुकटात. समुद्राचं पाणी मार्च ते मे दरम्यान, नदीच्या मुखापासून दूर घ्या, पावसाळ्यात ते गोडावतं. हे पाणी आणि विहिरीचं पाणी दोन्ही दहापट पातळ करा, सारख्या परीक्षानळ्यांत सारखे थेंब टाका आणि काळ्या कागदासमोर धरून दुधाळपणा ताडा.

जानेवारीत आणि मेच्या शेवटी हीच चाचणी करा. वाळूच्या किनारपट्टीवर गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. गोड्या पाण्याची घनता १ धरली तर समुद्राची १.०२५, म्हणून भूजलाची पातळी समुद्रसपाटीपेक्षा एक मीटर वर असेल तर ढोबळमानाने ४० मीटर खोलीपर्यंत गोडं पाणी मिळतं. पंप लावून ती पातळी अर्धा मीटर खाली आणली की खारं पाणी खालून सावकाश वर सरकू लागतं. मीठ नैसर्गिक आहे, पण त्याला विहिरीत बोलावणारा उपसा आपला आहे. पहिल्या प्रश्नाला इथे दुसरा जोडावा लागतो: आलं निसर्गातून, पण आणलं कोणी?

पाचवी पायरी: तांबडं पाणी, तेलकट तवंग

बोअरचं पाणी भरताना नितळ आणि तासाभराने तांबूस होत असेल तर ते लोह आहे. जमिनीखाली ऑक्सिजन नसल्याने ते फेरस रूपात विरघळलेलं असतं. हवा लागली की ऑक्सिडीकरण होऊन फेरिक हायड्रॉक्साइडचा गाळ बसतो. कोऱ्या चहात असं पाणी ओतून पाहा, चहातलं टॅनिन लोहाशी मिळून काळपट होतं. घरोघरच्या बायकांना ही चाचणी माहीत असते, त्या फक्त ‘या पाण्याचा चहा काळा होतो’ एवढंच म्हणतात.

साचलेल्या डबक्यावर इंद्रधनुषी तवंग दिसला की मुलं ओरडतात, "तेल!" काडीने तो ढवळा. तवंग काचेसारखा तुकड्या-तुकड्यांत फुटला आणि तुकडे वेगळेच राहिले, तर ते लोहाचं, जिवाणूंनी केलेलं काम. काडीमागे तवंग पुन्हा जुळून आला तर ते खरंच डिझेल किंवा तेल. होड्या लागतात त्या धक्क्याजवळ आणि कातळावरच्या डबक्यात हे दोन्ही पाहून घ्या. आमच्या मुलांनी एकदा दोन तक्रारी तयार ठेवल्या होत्या, त्यातली एक या काडीने रद्द झाली आणि दुसरी पक्की झाली.

सहावी पायरी: पाण्याचा श्वास

गावच्या सांडपाण्यात विष असतंच असं नाही. मासे धुतलेलं पाणी, भाताची पेज, शेण, कुजायला टाकलेली नारळाची सोडणं, सगळं नैसर्गिकच आहे. तरी त्याने खाडी मरते. जिवाणू हे खाताना पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन वापरतात. तो मुळातच किती? ३० अंश सेल्सिअसला गोड्या पाण्यात लिटरला जास्तीत जास्त साडेसात मिलिग्रॅम, खाऱ्यात त्याहून कमी. पाणी जितकं तापतं तितका तो घटतो. आंघोळीयोग्य नदीत तो लिटरला निदान ५ मिलिग्रॅम असावा, आणि पाच मिलिग्रॅम म्हणजे लिटरभर पाण्यात मिठाचे थोडेसे कण टाकावेत इतकंच वजन. एवढ्यावर मासे जगतात.

शाळेत पेशी रंगवायला मिथिलीन ब्लू असतंच. झाकणाच्या चार सारख्या काचेच्या बाटल्या घ्या. पहिलीत विहिरीचं पाणी, दुसरीत वस्तीवरचा ओढा, तिसरीत वस्तीखालचा, चौथीत विहिरीच्या पाण्यात दोन चमचे मासे धुतलेलं पाणी. प्रत्येकात फिकट निळा रंग येईल इतकेच थेंब टाका. गळ्यापर्यंत काठोकाठ भरून झाकण लावा, बुडबुडा नको. कपाटात अंधारात ठेवा, उजेडात शेवाळ ऑक्सिजन बनवतं. सकाळ-संध्याकाळ पाहून लिहा.

चौथी बाटली लवकर पांढरी पडेल. ऑक्सिजन संपला की जिवाणूंच्या कामामुळे रंगाचं क्षपण होतं आणि निळा रेणू बिनरंगी होतो. झाकण काढून बाटली हलवा, हवेतला ऑक्सिजन मिसळला की निळा परत येतो! मुलं हे दहा-दहा वेळा करतात, करू द्या. मग वस्तीवरच्या आणि वस्तीखालच्या ओढ्याच्या बाटल्यांत किती तासांचा फरक पडला ते पाहा. तो फरक म्हणजे तुमच्या गावाने ओढ्यात घातलेला भार. प्रयोगशाळेत यालाच जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी म्हणून अंकात मोजतात आणि आंघोळीयोग्य पाण्यात ती लिटरला ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावी असा निकष आहे.

ऑक्सिजन पुरता संपला की दुसरे जिवाणू पाण्यातल्या सल्फेटमधला ऑक्सिजन ओढून घेतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. समुद्राच्या पाण्यात सल्फेट भरपूर असतं, म्हणून खाडीचा चिखल उकरला की सडक्या अंड्यांचा वास येतो. पण थांबा, तिवरांच्या निरोगी चिखलालाही हा वास असतो. चिखलाच्या आत वास येणं नैसर्गिक आहे. पाण्याच्या पृष्ठभागावरून तो वास वाऱ्याबरोबर येऊ लागला, तर ते पाणी गुदमरलं आहे.

सातवी पायरी: गाळ कुठे बसतो

जुलैमध्ये नदी तांबडीलाल वाहते आणि समुद्रात आत थोडं गेलं की पाणी हिरवं दिसतं. मधल्या पट्ट्यात काय घडतं ते दोन बरण्यांत दिसतं. दोन्हींत तांबड्या मातीचं गढूळ पाणी घ्या, एकीत चमचाभर मीठ घाला आणि ठेवून द्या. मिठाची बरणी लवकर निवळते. मातीच्या कणांवर ऋण प्रभार असतो, म्हणून ते एकमेकांना दूर ढकलत तरंगत राहतात. मिठातले धन आयन तो प्रभार झाकतात, कण एकत्र येतात, जड होतात, बसतात. तुरटी हेच काम फार थोड्या मात्रेत करते, कारण ॲल्युमिनियमच्या आयनावर तीन धन प्रभार असतात.

आता याचा प्रदूषणाशी संबंध पाहा. शिसं, पारा, कॅडमिअम, क्रोमिअम यांसारखे जड धातू मातीच्या कणांना चिकटून येतात आणि खाडीत गोडं-खारं मिळतं तिथे कणांबरोबर बसतात. नेमके तिथेच तिसऱ्या, कालवं, मुळे हे शिंपले पाणी गाळून जगत असतात. म्हणून खाडीचं वरचं पाणी तपासून सगळं ठीक आलं, तरी काम संपत नाही. गाळ आणि शिंपले तपासावे लागतात. जपानमधल्या मिनामाता इथे १९५६ साली जो आजार नोंदला गेला, तो कारखान्यातून खाडीत गेलेल्या पाऱ्याचा होता. तो माणसांपर्यंत मासे आणि शिंपल्यांतून पोहोचला होता. धातूंची मोजणी शाळेत होत नाही. पण कुठला नमुना मागायचा हे तुम्हाला कळलं, तर प्रयोगशाळेला विचारायचा प्रश्न तयार झाला.

आठवी पायरी: रोगजंतू आणि टीसीएल (ब्लीचिंग पावडर)

हे थोडक्यात, पण गंभीरपणे. जांभा सच्छिद्र आहे, शोषखड्ड्याचं पाणी त्यातून झपाट्याने विहिरीकडे जातं. विष्ठेचा संसर्ग रंग-वासावरून कळत नाही. त्यासाठी ग्रामपंचायतीकडची एचटूएस बाटली वापरा. पाणी भरून उबेला ठेवल्यावर काळी पडली तर संसर्गाची शक्यता धरायची आणि पाणी उकळून प्यायचं. नायट्रेट वाढलं असेल तर मात्र उकळून उपयोग नाही. पाणी आटतं, नायट्रेट तेवढंच राहतं. त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम.

विहिरीत टीसीएल किती टाकायचं याचं गणित नववीच्या मुलांनी गावचं पाणी सांभाळणाऱ्या जलसुरक्षकांना करून द्यावं. व्यास ३ मीटर, पाण्याची खोली ४ मीटर असेल तर ३.१४ × ३ × ३ × ४ ÷ ४, म्हणजे सुमारे २८ घनमीटर किंवा २८,००० लिटर. चांगल्या प्रतीची पावडर दर १,००० लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे एकूण ७० ग्रॅम. उघड्या पोत्यातली जुनी पावडर क्लोरीन गमावून बसलेली असते, आणि पावसाळ्यातल्या गढूळ पाण्यात बराचसा क्लोरीन मातीच खाते. म्हणून अर्ध्या-एक तासाने ओटी (ऑर्थोटोलिडीन द्रावणाच्या) चाचणीत शिल्लक क्लोरीन लिटरला ०.२ मिलिग्रॅम उरला आहे का, ते जलसुरक्षकांनी तपासताना पाहून घ्या. टीसीएल आणि संडास धुण्याचं आम्ल कधीही एकत्र येऊ देऊ नका. विषारी क्लोरीन वायू निघतो.

नववी पायरी: हवा

हवेत बाटली बुडवता येत नाही, म्हणून वाऱ्यापासून सुरुवात करा. दिवसा समुद्राकडून खारे वारे, रात्री जमिनीकडून मतलई वारे. थंडीतल्या पहाटे दरीतल्या वाडीवर धुराची चादर अंथरलेली दिसते. तळाची हवा गार आणि जड असते, वर उबदार हवेचं झाकण बसतं, चुलींचा धूर त्याखाली अडकतो. दुपारी खारे वारे सुटले की तोच धूर दिसेनासा होतो. त्यामुळे पहाटेची आणि दुपारची नोंद वेगळी ठेवा.

पांढऱ्या पुठ्ठ्यावर एक सेंटिमीटरचे चौकोन आखा, वर पारदर्शक प्लास्टिक लावून व्हॅसलीनचा पातळ हात फिरवा. एक पुठ्ठा महामार्गाजवळ, एक चिरेखाणीच्या बाजूला, एक स्वयंपाकघरात, एक आंब्याच्या कलमबागेत टांगा. दोन दिवसांनी भिंगातून प्रत्येकी दहा चौकोनांतले कण मोजा. तांबडे कण म्हणजे जांभ्याची धूळ, काळे म्हणजे काजळी. एक मर्यादा लक्षात ठेवा. यात दिसतात ते मोठे कण. फुप्फुसात खोल जाणारे २.५ मायक्रॉनहून लहान कण भिंगाला दिसत नाहीत. त्यांची चोवीस तासांची राष्ट्रीय मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे आणि ती यंत्रानेच मोजतात.

सल्फरचं रसायन बरणीत दाखवता येतं. तळाशी चमचाभर जास्वंदीचं पाणी, त्यावर शिक्षकांनी दोन-तीन काड्या पेटवून धराव्यात आणि झाकण लावून बरणी हलवावी. पाणी लाल होतं. काडीच्या गुलातलं सल्फर जळून सल्फर डायऑक्साइड होतो, तो पाण्यात मिसळून सल्फ्युरस आम्ल देतो. वातावरणात त्याचं पुढे ऑक्सिडीकरण होऊन सल्फ्युरिक आम्ल बनतं. दुसऱ्या बरणीत नुसती मेणबत्ती जाळून तुलना करा, तिथे कार्बन डायऑक्साइडचा सौम्य बदलच दिसेल.

मग हिशोब करा. सल्फरचा अणुभार ३२, सल्फर डायऑक्साइडचा रेणुभार ६४, म्हणजे किलोभर सल्फरमागे दोन किलो वायू. क्षितिजावर दिसणाऱ्या मोठ्या जहाजांच्या इंधनात २०१९ पर्यंत ३.५ टक्के सल्फर चालत असे, म्हणजे टनाला ३५ किलो सल्फर आणि ७० किलो वायू. १ जानेवारी २०२० पासून ही जागतिक मर्यादा ०.५ टक्के झाली, वायू १० किलोवर आला. त्याच वर्षी १ एप्रिलपासून आपल्या पंपावरच्या बीएस-६ डिझेलमध्ये दहा लाख भागांत जास्तीत जास्त १० भाग सल्फर ठरलं, म्हणजे टनाला फक्त १० ग्रॅम. नियम बदलला की हवा बदलते, हे इतक्या साध्या गुणाकारात मुलांना दिसतं.

राब भाजण्याबद्दल, म्हणजे भाताची रोपं करायची जमीन पालापाचोळा जाळून भाजण्याबद्दल, सबुरीने बोला. त्याचा धूर वाईट आहे, लहान मुलांना आणि दम्याच्या माणसांना त्रास होतो. पण राखेतला पोटॅशियम कार्बोनेट आम्लारिधर्मी आहे, आणि आपल्या आम्लधर्मी जमिनीत भाताच्या रोपाला त्याचा उपयोग होतो. राख पाण्यात कालवून जास्वंदीची पट्टी बुडवा, हिरवी होईल. शेतकऱ्याकडे कारण आहे. धूर कमी करायचा तर त्या कारणाला पर्याय द्यावा लागेल. शाळेच्या मागे प्लास्टिक जाळण्याला मात्र असं कुठलंही कारण नाही. पीव्हीसीमधून हायड्रोजन क्लोराइड निघतो, डायऑक्सिनसारखी घातक संयुगं तयार होतात. हा प्रयोग म्हणूनसुद्धा करायचा नाही.

दहावी पायरी: वही कोणाकडे न्यायची

जागेनुसार एक पान, महिन्यानुसार एक ओळ, आणि प्रत्येक पानाच्या डोक्यावर ‘इथे मुळात किती’ हा रकाना. विहिरींसाठी ग्रामपंचायत आणि भूजल सर्वेक्षण यंत्रणेची जिल्हा प्रयोगशाळा. नदी-खाडीसाठी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, जे १९७० पासून काम करतं आणि नद्यांच्या तपासणीचे आकडे प्रसिद्ध करतं. तक्रार लिहिताना ‘पाणी प्रदूषित आहे’ असं लिहू नका. असं लिहा: अमुक तारखेला, सुकतीला, वस्तीवरच्या पाण्याचा निळा रंग पाच दिवस टिकला, वस्तीखालच्या पाण्याचा पाऊण दिवसात गेला, तीन महिने हाच फरक दिसतो आहे, कृपया गाळाचा आणि पाण्याचा नमुना घ्यावा.

ग्रामसभेत हे वाचायला मुलांनाच उभं करा. आमच्याकडे पहिल्यांदा वाचलं ते त्या आजीच्या नातवाने. पहिलं पान त्यांच्या बावीचं होतं: सामू सहाच्या आसपास, कारण जांभा, मचूळपणा नाही, एचटूएस बाटली जूनमध्ये काळी, टीसीएलनंतर काळी पडली नाही. आजी पुढच्या रांगेत बसल्या होत्या. जूनची ओळ त्यांनी पुन्हा एकदा वाचायला सांगितली, आणि विहिरीला कठडा कधी घालणार ते सरपंचांना तिथेच विचारलं.